ब्रह्मदेशाचे नामांतर : एका शब्दाच्या दोन रूपांचा वाद

राष्ट्रांच्या नामांतराची मीमांसा करताना सामान्यतः एकच कारण पुढे केले जाते. परकीयांनी लादलेले नाव टाकून स्वकीय नाव धारण करणे हे ते कारण होय. 1957 साली गोल्ड कोस्टचे घाना झाले, 1972 साली सिलोनचे श्रीलंका झाले. या उदाहरणांना ही मीमांसा बव्हंशी लागू पडते. इराणची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील लोक आपल्या देशास पूर्वापार इराणच म्हणत आले होते. 1935 साली त्यांच्या शासनाने इतर राष्ट्रांनीही तेच नाव वापरावे एवढीच मागणी केली. परंतु ज्या नामांतरात जुने व नवे ही दोन्ही नावे स्वकीयच, किंबहुना एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, तेथे या मीमांसेचा काहीच उपयोग होत नाही. ब्रह्मदेशाचे 1989 चे नामांतर या प्रकारात मोडते.

ब्रह्मी भाषेत देशाचे व बहुसंख्य समाजाचे नाव दोन रूपांनी आढळते. लेखनात आणि औपचारिक प्रसंगी ‘म्यन्मा’, तर नित्याच्या बोलण्यात ‘बमा’. पहिल्या रूपाचे मूळ लेखन ‘म्रन्मा’ असे असून त्याचे दाखले बाराव्या शतकातील पगानच्या शिलालेखांत मिळतात. त्याच शतकाच्या आरंभीच्या मोन भाषेतील लेखांत ‘मिर्मा’ असे रूप येते. प्रमाण ब्रह्मीत पुढे ‘र’चा उच्चार ‘य’ झाला आणि ‘म्र’चा ‘म्य’ झाला. आराकानच्या बोलीने मात्र जुना ‘र’ राखला आहे. बोलण्याच्या ओघात पहिले अक्षर दुर्बल होऊन, जोडाक्षर सुटून आणि ओष्ठ्य ‘म’ची जागा ओष्ठ्य ‘ब’ने घेऊन ‘बमा’ सिद्ध झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तात्पर्य, या दोन रूपांत भेद आहे तो भाषेच्या स्तराचा, अर्थाचा नव्हे. मराठीत ‘ब्राह्मण’ आणि ‘बामण’ यांचे जे नाते, जवळजवळ तेच येथे आहे.

आर्थर फेअर या इतिहासकाराने या नावाची व्युत्पत्ती संस्कृत ‘ब्रह्म’ शब्दापासून लावली होती. मराठीतील ‘ब्रह्मदेश’ हे नाव त्या समजुतीशी जुळणारे आहे. परंतु आरंभीचा ‘म’ जुन्या सर्व रूपांत स्थिर आहे, आणि मोन भाषेतील ‘मि’ची उपपत्तीही या व्युत्पत्तीने लागत नाही, म्हणून ती स्वीकारणे कठीण आहे. अपरिचित शब्दाला परिचित संस्कृत शब्दाचे वळण देण्याची आपल्या भाषांची प्रवृत्ती जुनीच आहे. व्युत्पत्ती चुकीची असली तरी नाव रूढ झाले. लोकमान्य टिळकांचा 1908 ते 1914 पर्यंतचा मंडालेचा कारावास मराठी वाचकाच्या मनात ब्रह्मदेशाशीच जोडलेला आहे.

या दोन रूपांवर राजकीय अर्थाचे आरोपण प्रथम झाले ते 1930 नंतर. त्या वर्षी रंगून येथे ‘दोबमा असिअयोन’, म्हणजे ‘आम्ही बमा संघ’, स्थापन झाला. त्याचे तरुण सभासद आपल्या नावामागे ‘थखिन’ अशी उपाधी लावीत. थखिन म्हणजे धनी. गोऱ्या अधिकाऱ्यास संबोधण्यासाठी रूढ झालेला हा शब्द त्यांनी हेतुपूर्वक स्वतःकडे घेतला. देशाच्या नावाविषयी या संघाच्या इतिहासात नोंदलेली भूमिका अशी की, ‘म्यन्मा’ हा शब्द केवळ बहुसंख्य ब्रह्मी समाजाचा वाचक आहे. शान, कचिन, चिन, करेन, मोन इत्यादी सर्वांना सामावणारा शब्द ‘बमा’ हाच होय. 1943 साली जपानच्या छायेखाली जे ‘स्वतंत्र’ राज्य घोषित झाले त्याने हेच रूप स्वीकारले. परंतु 4 जानेवारी 1948 रोजी खरे स्वातंत्र्य आले तेव्हा संघराज्याच्या ब्रह्मी नावात ‘म्यन्मा’ आणि इंग्रजी नावात ‘बर्मा’ अशी योजना होती. याचा अर्थ असा की, 1989 मध्ये जे बदलले ते केवळ इंग्रजी नाव. ब्रह्मी भाषेतील अधिकृत नावात ‘म्यन्मा’ पूर्वीपासून होतेच.

सप्टेंबर 1988 मध्ये लोकांचे आंदोलन चिरडून सेनाधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली आणि 18 जून 1989 रोजी नामांतराचा कायदा केला. त्याच्या समर्थनार्थ दिलेले कारण लक्षणीय आहे : ‘बमा’ हा शब्द एकट्या बहुसंख्य समाजाचा वाचक असून ‘म्यन्मा’मध्ये देशातील सर्व जमातींचा समावेश होतो. थखिनांनी सुमारे अर्धशतकापूर्वी जे म्हटले होते, त्याच्या हे नेमके उलट आहे. युक्तिवाद तोच; फक्त शब्दांची अदलाबदल झाली! भाषेचा पुरावा दोघांनाही अनुकूल नाही. शिलालेखांतील ‘म्रन्मा’ हे एका भाषिक समाजाचे नाव आहे, आणि ‘बमा’ हे त्याच नावाचे बोलीरूप आहे. व्यापक अर्थ कोणत्याही एका रूपात अंगभूत नव्हता. ज्याला तो हवा होता त्याने तो तेथे घातला.

या कायद्याने आणलेल्या नव्या रोमन लेखनात शेवटी ‘र’ लिहिला जातो. मूळ शब्दान्ती ‘र’ नाही. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात स्वरानंतरचा ‘र’ लुप्त होऊन आधीचा स्वर दीर्घ होतो. तो दीर्घ ‘आ’ दर्शविण्यासाठी हे अक्षर योजले गेले. मराठी व हिंदी वृत्तपत्रांनी मात्र इंग्रजी अक्षरांवरून नाव घेतले, आणि ‘म्यानमार’मध्ये तो मुका ‘र’ स्पष्ट बोलू लागला. ब्रह्मी मनुष्यास अपरिचित असलेला हा वर्ण आपल्याकडे आता कायमचा झाला आहे.

त्याच कायद्यान्वये रंगूनचे यांगोन, पेगूचे बागो, इरावदीचे एयावडी झाले. वासाहतिक अपभ्रंश काढून टाकले, असा याचा अर्थ लावता येईल. पण तो अपुरा आहे. मोन लोकांच्या मोलमेनला आणि शान प्रदेशातील केंगतुंगला जी नवी रूपे मिळाली, ती ब्रह्मी उच्चाराची. सर्वांना सामावून घेण्याचे आश्वासन देणाऱ्या कायद्याने इतरांच्या गावांची नावेही बहुसंख्यांच्या जिभेवर बसविली. ही प्रक्रिया जुनी आहे. 1885 च्या युद्धानंतर पदच्युत होऊन रत्नागिरीस आणलेला व तेथेच 1916 साली मरण पावलेला थिबा राजा ज्या नावाने ओळखला जातो, ते शान प्रदेशातील सिपॉ या गावाच्या नावाचा ब्रह्मी उच्चार आहे.

नावाने दिलेले आश्वासन कायद्याने कितपत पाळले, हा प्रश्न याहून गंभीर आहे. 1982 च्या नागरिकत्वाच्या कायद्याने 1823 पूर्वी, म्हणजे पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धापूर्वी, देशात स्थायिक झालेल्या समाजांनाच राष्ट्रीय जमातींचे स्थान दिले. शासनाने पुढे अशा 135 जमातींची गणना केली. त्या यादीत आराकानमधील रोहिंग्यांचे नाव नाही. ‘रोहिंग्या’ हा शब्दच अधिकृत व्यवहारात वर्ज्य मानला गेला. सर्वसमावेशक म्हणविणाऱ्या राष्ट्रनामाच्या छत्राखाली एका समाजाला स्वतःचे नाव उच्चारण्याचीही मुभा राहिली नाही, आणि 2017 मध्ये त्यातील सात लाखांहून अधिक लोकांना बांगलादेशात आश्रय घ्यावा लागला.

संयुक्त राष्ट्रसंघाने नवे नाव मान्य केले, भारतानेही केले. अमेरिकेच्या शासनाने जुन्या नावाचा आग्रह सोडला नाही. लोकांना न विचारता केलेला बदल अग्राह्य होय, अशी विरोधी पक्षाची भूमिका होती. आँग सान सू ची यांनी 2012 च्या युरोप दौऱ्यात जुनेच नाव वापरल्याबद्दल निवडणूक आयोगाने त्यांना समज दिली. सत्तेवर आल्यानंतर, एप्रिल 2016 मध्ये, त्यांनी परदेशी मुत्सद्द्यांना दोन्हीपैकी कोणतेही नाव वापरण्याची मोकळीक दिली. फेब्रुवारी 2021 मध्ये सेनेने पुन्हा सत्ता बळकावली. तिच्या विरोधात एप्रिलमध्ये जे समांतर शासन स्थापन झाले, त्याने आपल्या अधिकृत नावात 1989 चे ‘म्यानमार’ हेच रूप कायम ठेवले.