अन्नावरची शपथ

बंगळूर हे आज कर्नाटकाच्या राजधानीचे नगर. परंतु १६३८ नंतर ते शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीचे ठाणे होते. शिवाजीराजांच्या बालपणाचा काही काळही तेथेच गेला. या एका घरातून भोसल्यांच्या दोन शाखा निघाल्या. शिवाजीराजांची पुण्याकडे वाढली आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशी दुभंगली. व्यंकोजीराजांची बंगळूरहून तंजावरास गेली. शतक उलटल्यावर दोन्हीकडे, अवघ्या दहा-बारा वर्षांच्या अंतराने, एकच प्रश्न उभा राहिला: गादीवर बसलेला हा पुरुष खरोखर या वंशाचा आहे काय?

तंजावरात १७३८ च्या सुमारास सरफोजीराजांचा पुत्र म्हणवणारा काटुराजा गादीवर आला, आणि तोतया ठरून लवकरच पदच्युत झाला. १७३९ मध्ये प्रतापसिंह राजा झाला.

साताऱ्याचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. निपुत्रिक शाहू छत्रपती १७४९ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यापूर्वीच वृद्ध ताराबाईंनी सांगितले होते, की आपला पुत्र शिवाजी याचा मुलगा जिवंत आहे. दगाफटका होऊ नये म्हणून त्याला लहानपणीच लपवून ठेवले होते. या रामराजाला साताऱ्यास आणून १७५० च्या जानेवारीत राज्याभिषेक झाला. तरी शंका उरलीच. त्या काळी साक्षी-कागदांनी वाद मिटेना, की गोतसभा क्रियेकडे, म्हणजे शपथेकडे अथवा दिव्याकडे वळे. ग्रँट डफने नोंदविले आहे, की रघूजी भोसल्यांनी अशीच मागणी केली: ताराबाईंनी जातभाईंसमक्ष रामराजासह भोजन करावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असे सांगावे. पंक्ती हेच तेव्हाचे प्रमाणपत्र. परका मुलगा घरचा म्हणून ताटाशी घेतला तर अन्न विटाळते, या भयावर ती परीक्षा उभी होती.

पण नातू आजीच्या मुठीत राहीना. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि तो आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. पुढे पेशव्यांशी समेट होताना, १७५२ च्या सप्टेंबरात, जेजुरीस खंडोबापुढे त्यांनी तशी शपथही घेतली. एकाच जिभेवर दोन शपथा! गंमत अशी, की पेशव्यांनी त्याला तरीही छत्रपती म्हणून राहू दिले. नामधारी राजा त्यांना सोयीचाच होता. १७७७ मध्ये रामराजा वारला, तोवर त्याच्या जन्माचा निवाडा इतरांच्या सोयीनेच होत राहिला. त्याला स्वतःला कोणी विचारले नाही.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने निराळी वाट धरली. त्याच्या ११२ व्या कलमाने आजीची शपथ बाजूस सारून विवाहाची तारीख पाहिली. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि मातेने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, हा निर्णायक पुरावा मानला गेला. गर्भधारणेच्या काळी पती-पत्नींना एकत्र येण्याचा संभवच नव्हता, एवढे सिद्ध केले तरच तो ढळे. रक्तगटांचा शोध लागण्यापूर्वीचा हा नियम आहे. त्याचा रोख सत्य खणून काढण्यापेक्षा मुलाच्या माथी कलंक न लागू देण्याकडे होता.

विज्ञान आले तेव्हा या नियमाची कसोटी लागली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रक्ततपासणीचा हुकूम सरसकट देता येणार नाही आणि कोणावर रक्त देण्याची सक्तीही करता येणार नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रातीलच एका दाव्यात डीएनएचा अहवाल आधीच हाती आला होता; तेथे न्यायालयाने अनुमानापेक्षा विज्ञानाला मान दिला. परंतु २०२३ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने दिलेला एका बालकाच्या तपासणीचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पती-पत्नींच्या भांडणात मुलाला साधन करू नये. आपल्या औरसपणावर उगाच संशय घेतला जाऊ नये हा त्याचा अधिकार आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. ११२ वे कलम त्यात ११६ वे झाले. २८० दिवस तसेच राहिले.