लॅन कार्ड बदललं, तरी लिनक्सवर नेट येईना? आधी कार्डाचं नाव बघा

वळवाचा पाऊस असो की परतीचा, कोकणात विजांचा कडकडाट ठरलेला. चिपळूण तालुक्यातल्या सावर्डे परिसरात ढग गडगडायला लागले की लोक कॉम्प्युटरचा प्लग काढतात, पण राउटरकडून आलेली लॅनची वायर तशीच राहते. फायबर काचेची असली तरी ही वायर तांब्याची. तिच्यातून विजेचा झटका आला की कधी कधी कॉम्प्युटर वाचतो आणि फक्त लॅन पोर्ट जळतं.

उपाय सोपा आहे, नवं लॅन कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर लावायचा. पण मशीनवर लिनक्स असेल आणि आयपी अ‍ॅड्रेस हाताने दिलेला असेल, तर नवं कार्ड चांगलं असूनही नेट येत नाही. कारण जुनी सेटिंग जुन्या कार्डाच्या नावाला बांधलेली असते.

नाव का बदलतं?

पूर्वी लिनक्स कार्डांना ईटीएच०, ईटीएच१ अशी क्रमाने नावं द्यायचं. दोन कार्डं असली की रीस्टार्टनंतर कधी त्यांची अदलाबदल व्हायची. म्हणून २०१३ मध्ये सिस्टमडीने कार्डाच्या जागेवरून नाव ठरवायची पद्धत आणली. ईएनपी३एस० म्हणजे इथरनेट, बस ३, स्लॉट ०. यूएसबी अडॅप्टरच्या नावात बहुतेकदा त्याचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. फ्रीबीएसडीमध्ये नाव ड्रायव्हरवरून पडतं, जसं रिअलटेकच्या बऱ्याच कार्डांचं आरई०.

तपासणी कुठून सुरू करायची?

(कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.)

१. कार्ड दिसतंय का? आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय', अडॅप्टरसाठी 'एलएसयूएसबी'. यादीत नसेल, तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा खराब आहे.

२. नाव मिळालं का? 'आयपी लिंक' ही कमांड सगळी नावं दाखवते. कार्ड पहिल्या यादीत आहे, पण इथे नाही, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर कमी आहे. 'नो-कॅरियर' दिसलं, तर वायर तपासायची.

३. सेटिंगमध्ये नवं नाव टाकलं का? उबंटू सर्व्हरवर ही फाइल 'ईटीसी'मधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरमध्ये असते. आधी तिची कॉपी ठेवायची, मग नाव बदलून 'नेटप्लॅन ट्राय' चालवायचं. १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. घरगुती डेस्कटॉपवर नेटवर्क मॅनेजर बहुतेक वेळा हे काम स्वतःच करतो.

४. राउटर ओळखतोय का? राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवरून आयपी राखून ठेवला असेल, तर तिथेही नव्या कार्डाचा मॅक टाकावा लागतो.

५. शेवटी 'पिंग'. राउटर उत्तर देतो, बाहेरचा आयपीही देतो, पण वेबसाइट उघडत नाही, तर अडचण डीएनएसची.

ड्रायव्हरच नसेल तर?

ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, असा पेच पडतो. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करायचं. अँड्रॉइड फोन लिनक्सला सहसा वायरच्या नेटवर्क कार्डासारखाच दिसतो. डेबियनने तर जून २०२३ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली आहे.

आणि पुढच्या वेळी आभाळ भरून आलं की प्लगसोबत लॅनची वायरही काढलेली बरी.