देवगिरीचा शार्ङ्गदेव आणि पाच हजार चाळीस ताना



दौलताबादला शाळा शिकलेल्यांना किल्ल्याचा इतिहास वेगळा सांगायला नको. भिल्लमाची राजधानी देवगिरी, १२९६ मधली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ साली तुघलकाने दिल्लीहून इथे हलवलेली राजधानी, हे सगळं आपण इतिहासाच्या तासाला पाठ केलं. चांदमिनार, मेंढा तोफ आणि अंधारी तर सहलीत कितीदा पाहिली. पण याच गावच्या एका माणसाचं नाव मला शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेसुद्धा संगणकाच्या पुस्तकात. डोनाल्ड क्नूथ हे आमच्या क्षेत्रातलं फार मोठं नाव. त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात, एखाद्या संचातल्या वस्तूंचे सगळे क्रम कसे मांडायचे याचा इतिहास सांगताना शार्ङ्गदेवाचा उल्लेख येतो. तेराव्या शतकातला, आपल्या देवगिरीचा शार्ङ्गदेव.

शार्ङ्गदेवाचं घराणं मूळचं काश्मीरचं. त्याचे आजोबा भास्कर दक्षिणेत आले. वडील सोढल यांनी यादवांच्या दरबारात भिल्लमाची आणि पुढे सिंघणाची सेवा केली. शार्ङ्गदेव सिंघणाच्या कारकिर्दीत, म्हणजे १२१० ते १२४७ या काळात, दरबाराच्या हिशेबाचं काम पाहत होता. वैद्यकीचंही त्याला ज्ञान होतं. आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात नादाकडे वळण्याआधी तो गर्भापासून मानवी शरीराची रचना सांगतो. स्वतःला तो 'निःशंक' म्हणवतो, आणि 'निःशंक वीणा' नावाचं एक वाद्यही त्याने वर्णिलं आहे.

त्याचा ग्रंथ म्हणजे 'संगीतरत्नाकर'. स्वर, राग, गायनाचे गुणदोष, प्रबंध, ताल, वाद्यं आणि नृत्य असे सात अध्याय आहेत. भरत, मतंग, अभिनवगुप्त यांच्यापासून चालत आलेलं ज्ञान त्याने एकत्र केलं आणि स्वतःच्या काळातलं प्रचलित संगीत त्यात घातलं. २६४ रागांची नोंद आहे, १२० देशी ताल आहेत. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन्हीकडचे संगीतज्ञ या ग्रंथाला आपला मानतात.

आता त्या ताना. इथे तान म्हणजे स्वरांची एक विशिष्ट मांडणी. एका स्वराची मांडणी एकच, दोघांच्या दोन, तिघांच्या सहा, चौघांच्या चोवीस, असं करत सात स्वरांच्या ५०४० होतात. हा आकडा काढणं फार अवघड नाही. शार्ङ्गदेवाचं वैशिष्ट्य पुढे आहे. एकही मांडणी न सुटता आणि एकही दोनदा न येता त्या सगळ्या कशा लिहायच्या, याचा नियम तो देतो. डावीकडून पाहत जायचं. ज्या स्वराच्या डाव्या बाजूला त्याच्यापेक्षा खालचा स्वर आहे, असा पहिला स्वर शोधायचा. खालच्या ओळीत त्याच्या जागी त्याच्या लगतचा खालचा स्वर लिहायचा, उजवीकडचं जसंच्या तसं उतरवायचं आणि डावीकडे उरलेले स्वर मूळ क्रमाने भरायचे. सा-रे-ग घेऊन करून बघा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा झाल्या आणि नियम आपोआप थांबला.

त्याहून पुढे जाऊन तो दोन प्रश्न विचारतो. 'नष्ट' म्हणजे क्रमांक दिला तर तान कोणती? 'उद्दिष्ट' म्हणजे तान दिली तर तिचा क्रमांक कोणता? दोन्हींची उत्तरं पूर्ण यादी न लिहिता, 'खंडमेरू' नावाच्या छोट्या कोष्टकावरून मिळतात. 'गसारे' घ्या. शेवटचा स्वर रे. मूळ क्रमात त्याच्यानंतर एकच स्वर आहे, ग. शेवटच्या जागेच्या प्रत्येक पायरीला किंमत दोन, कारण उरलेले दोन स्वर दोनच तऱ्हांनी बसतात, म्हणून दोन. आता रे बाजूला ठेवा. उरले ग आणि सा, त्यात शेवटी सा. त्याच्यानंतर एक स्वर, म्हणून एक. सुरुवातीचा एक मिळवा: दोन अधिक एक अधिक एक, चार. वरची यादी पाहा, 'गसारे' चौथीच आहे. सात स्वरांनाही हीच रीत चालते. आमच्या धंद्यात आजही नव्या मुलांना हा प्रश्न सोडवायला देतात. दिवसभर हिशेबाच्या वह्यांत असणाऱ्या माणसालाच हे सुचावं, असं मला राहून राहून वाटतं.

शार्ङ्गदेव गेला. १२९६ नंतर वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्यही संपलं, गावाचं नाव बदललं. ग्रंथ मात्र फिरत राहिला. सिंहभूपालाने त्यावर टीका लिहिली, पंधराव्या शतकात विजयनगरला कल्लिनाथाने लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आनंदाश्रमाने तो छापला. पुढे ग. ह. तारळेकरांनी त्याचं मराठी भाषांतर केलं.

आणि तरीही एक मोठी गोष्ट हरवली. ते २६४ राग नेमके कसे वाजत होते हे आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. शार्ङ्गदेवाने त्यात कसूर केली नव्हती. रागाचा आरंभ कोणत्या स्वरावर, मुख्य स्वर कोणता, शेवट कुठे, हे त्याने लिहिलं आहे. स्वरलेखनही दिलं आहे. बावीस श्रुती समजाव्यात म्हणून बावीस-बावीस तारांच्या दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. पण तारा जुळवायच्या कशा? पहिली जितकी खाली लावता येईल तितकी, दुसरी तिच्याहून किंचित वर, इतकी किंचित की मध्ये तिसरा आवाज मावू नये. हा 'किंचित' त्या काळच्या कानांना ठाऊक होता, म्हणून तो मोजून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. ते कान गेले आणि विद्वानांचे वाद उरले. जी रीत पायरीपायरीने लिहिली ती सातशेहून अधिक वर्षांनी माझ्या लॅपटॉपवर जशीच्या तशी चालते. जे सगळ्यांना माहीतच होतं, ते गेलं.

त्याच ग्रंथाच्या प्रबंधाध्यायात आणखी एक ओळखीचं नाव भेटतं: ओवी. त्याच्या शंभरेक वर्षं आधी चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. दरबारी पंडितांनी कांडपाच्या गाण्याला शास्त्रात जागा दिली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. विसाव्या शतकात हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याने हेच केलं. शहरातल्या कॉफीगृहांत वाजणारं तेच हंगेरीचं संगीत असं मानलं जात होतं, तेव्हा तो आणि त्याचा मित्र झोल्तान कोदाय फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत गेले. शेतकरी बायाबापड्यांची हजारो गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली, चालींप्रमाणे त्यांचं वर्गीकरण केलं. बार्टोकच्या स्वतःच्या रचनांना त्यातूनच नवी भाषा मिळाली. शार्ङ्गदेवाकडे नव्हतं ते त्याच्याकडे होतं: आवाज धरून ठेवणारं यंत्र. आपल्याकडे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेकींचा आवाजही ध्वनिमुद्रित आहे.

आता स्मरणिकेच्या निमित्ताने एक विनंती. आपल्या वर्गातल्या अनेकांच्या आई, मावशी, आत्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. जातं अंगणात पालथं पडलेलं असेल, पण ओव्या त्यांच्या तोंडी असतील. शब्द वहीत उतरवून भागणार नाही. चाल वहीत मावत नाही, हे शार्ङ्गदेवाच्या रागांनी दाखवून दिलं आहे. प्रत्येकाच्या खिशात बार्टोकच्या यंत्रापेक्षा चांगलं यंत्र आहे. त्यांच्यासमोर बसा, ओवी म्हणायला सांगा आणि ध्वनिमुद्रण करा. गाणारीचं नाव, माहेर, सासर आणि तारीख सोबत सांगून ठेवा. पुढच्या स्नेहमेळाव्याला येताना ते घेऊन या. त्यांची यादी करण्याचं आणि सगळं नीट साठवून ठेवण्याचं काम मी आनंदाने करीन.

आणि शाळेतल्या आजच्या शिक्षकांना एवढंच सांगते: यंदा मुलांना किल्ल्यावर न्याल तेव्हा चांदमिनाराच्या सावलीत त्यांना सा, रे, ग हे तीन स्वर देऊन सहा ताना लिहायला लावा. आठशे वर्षांपूर्वी याच गावात हे गणित मांडलं गेलं, हे त्यांना दहावीच्या आत कळायला हवं.