आरोग्य अधिकाऱ्याची पदवी : एम.पी.एच.ची कुळकथा

१ जानेवारी १८४७ रोजी लिव्हरपूलमध्ये डॉ. विल्यम हेन्री डंकन एका नव्या हुद्द्यावर रुजू झाला. हुद्दा होता शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याचा. इंग्लंडमधल्या कुठल्याच शहराला तोवर असा अधिकारी नव्हता. पगार वर्षाला ३०० पौंड, आणि जोडीला खासगी दवाखाना चालवायची मुभा. पाच वर्षं आधी, १८४२ मध्ये, एडविन चॅडविकचा मजुरांच्या आरोग्यावरचा अहवाल छापून आला होता. त्यात लिव्हरपूलच्या मृत्यूंचा हिशोब होता. तिथे मरणाऱ्यांचं सरासरी वय श्रीमंतांत ३५, दुकानदारांत २२ आणि मजुरांत १५ होतं. मजुरांची पोरं पाळण्यातच जात, म्हणून आकडा इतका खाली. मजूर राहत ते ओल्या, काळोख्या तळघरांत. डंकन त्यांच्यात डॉक्टरी करत होता आणि नोकरी मिळण्याआधीपासून त्या तळघरांबद्दल लिहीत होता. तो रुजू झाला त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले लाखो लोक बंदरावर उतरले आणि त्यांच्यासोबत टायफस आला.

डंकनकडे एडिंबराची वैद्यकीय पदवी होती. तापाचा रोगी कसा तपासायचा हे तिथे त्याला शिकवलं होतं. अख्ख्या शहराला ताप आला तर काय करायचं, कोणती वस्ती आधी रिकामी करायची, मृत्यूंची नोंद कशी वाचायची, घरमालकाला कोणत्या कायद्यानं धरायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं. इंग्लंडात या कामाची पदवीच नव्हती. या कुळकथेत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच, की हुद्दा आधी निर्माण झाला, माणूस कामाला लागला आणि शिक्षण त्याच्या मागून आलं.

मागून यायलाही पाव शतक लागलं. १८७१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं या विषयाची पहिली परीक्षा सुरू केली, १८७५ मध्ये केंब्रिजनं. दरम्यान १८७२ च्या कायद्यानं गावोगाव आरोग्य अधिकारी नेमणं सक्तीचं झालं होतं. तरीही पदविकेला खरी किंमत आली ती १८८८ मध्ये. त्या वर्षीच्या कायद्यानं ठरवलं, की ५०,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या भागात आरोग्य अधिकारी व्हायचं तर सार्वजनिक आरोग्याची पदविका हवीच. एका कलमानं डी.पी.एच. ही तीन अक्षरं डॉक्टरांच्या नावापुढे दिसू लागली. अभ्यासात पाण्याची आणि हवेची रासायनिक तपासणी होती, अन्नातली भेसळ, सांडपाणी, जन्ममृत्यूचे आकडे आणि कायदा होता. शिवाय एखाद्या नेमलेल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करावं लागे.

जर्मनीत हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटनकोफर १८६५ मध्ये आरोग्यशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८७९ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था उभी राहिली. इथे अधिकारी घडवण्यापेक्षा संशोधन मोठं होतं. कॉलरा नुसत्या जंतूनं होत नाही, जमीन आणि भूजलही लागतं, असं पेटनकोफर मानत असे, आणि ते सिद्ध करायला १८९२ मध्ये त्यानं कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण पिऊन दाखवलं. तो वाचला, त्याचा सिद्धान्त मात्र टिकला नाही. त्याची संस्था पुढे अमेरिकेला नमुना म्हणून उपयोगी पडली.

अमेरिकेतली हकिगत जरा थांबून सांगायला हवी, कारण आजची एम.पी.एच., म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ ही पदवी, तिथल्या एका वादातून घडली. १९०९ मध्ये कोट्यधीश रॉकफेलरच्या पैशानं दक्षिणेकडच्या राज्यांत हूकवर्मविरुद्ध मोहीम सुरू झाली. अनवाणी पायांतून शिरणारा हा जंत माणसाचं रक्त शोषून त्याला पांढराफटक करत असे. मोहिमेचा प्रमुख विक्लिफ रोझ हा मूळचा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. जंताचं औषध वाटणं सोपं होतं, पण संडास बांधून घेणारा, गावाला समजावणारा आणि पुन्हा येऊन पाहणारा पूर्णवेळ माणूस मिळत नव्हता. बहुतेक ठिकाणी आरोग्य अधिकारी म्हणजे स्वतःचा दवाखाना सांभाळून फावल्या वेळात सही करणारा डॉक्टर. अशी माणसं तयार कुठे करायची, हा प्रश्न घेऊन १६ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बैठक भरली.

रोझचं म्हणणं असं, की संशोधनासाठी एक मोठी मध्यवर्ती शाळा हवी, पण प्रत्येक राज्यातही शाळा हव्यात आणि कामावर असलेल्यांना तिथे हाताशी प्रशिक्षण मिळावं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विल्यम वेल्च यांच्या डोळ्यांसमोर जर्मन संस्था होत्या. त्यांना हवी होती प्रयोगशाळा आणि विज्ञान. १९१५ मध्ये जो अहवाल निघाला तो वेल्च यांच्या हातचा, आणि त्यात राज्याराज्यांतल्या शाळा जवळजवळ दिसेनाशा झाल्या. स्पर्धेत कोलंबिया विद्यापीठही होतं. तिथल्या एडविन सेलिगमन या अर्थशास्त्रज्ञाच्या आराखड्यात समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यकारभार यांना मोठं स्थान होतं. तो मागे पडला. रॉकफेलरचे पैसे बाल्टिमोरला गेले, १९१६ मध्ये शाळेची स्थापना झाली आणि १९१८ च्या ऑक्टोबरात, इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात असताना, ती उघडली. वेल्च पहिले संचालक झाले.

वेल्च मोठे होते, यात शंका नाही. पण सेलिगमन यांचा आराखडा नाकारला गेला याची हळहळ मला वाटते. हूकवर्म प्रयोगशाळेत सापडला होता, त्याचं औषधही ठाऊक होतं. अडत होतं ते गरिबीपाशी, बुटांपाशी, गावच्या राजकारणापाशी. नेमका तोच भाग अभ्यासक्रमाच्या कडेला गेला.

दुसरा प्रश्न दारावरचा होता. ही पदवी फक्त डॉक्टरांची की इतरांचीही? हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांनी १९१३ मध्येच आरोग्य अधिकाऱ्यांसाठी संयुक्त शाळा काढली होती आणि तिथे डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश होता. हॉपकिन्सनं डॉक्टरांसाठी एक पदवी आणि इतरांसाठी दुसरी अशी वाटणी केली. एम.पी.एच. हे नाव अमेरिकेत खऱ्या अर्थानं रुळलं ते १९४० च्या दशकात. हा दारावरचा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही.

ब्रिटिश अमदानीत आपल्याकडे हुद्दा होता, अधिकारही होता, शिक्षण मात्र बहुतांशी परदेशात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरनं प्लेग ओळखला. पालिकेनं गटारं धुतली, कार्बोलिकचे फवारे मारले, घरांची छपरं उघडली. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यानं दाखवलं ते १८९८ मध्ये. तोवर निम्मी मेहनत भलत्याच शत्रूवर खर्ची पडली. १८९७ च्या साथरोग कायद्यानं सरकारला घरात शिरण्याचा अधिकार दिला, आणि पुण्यात रँडच्या सोजिरांनी तो कसा वापरला हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. माणसांशी बोलून, त्यांना सोबत घेऊन साथ आवरायची असते, हे त्या काळच्या कुठल्याच परीक्षेत विचारलं जात नव्हतं.

रॉकफेलरच्याच पैशानं ३० डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ उघडली आणि डी.पी.एच. तिथे शिकवली जाऊ लागली. पेकिंगमध्ये काम केलेले जॉन ग्रँट १९३९ मध्ये तिचे संचालक झाले. त्यांनी कलकत्त्याजवळ सिंगूरला ग्रामीण केंद्र काढलं, म्हणजे विद्यार्थ्यांना खरं गाव पाहायला मिळालं. रोझला जे हवं होतं ते थोडंफार इथे झालं. पुढे १९४६ च्या भोर समितीनं प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचा विभाग असावा असं सुचवलं. त्यातून आला पी.एस.एम. हा विषय, जो आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी परीक्षेआधी ‘पार्क’चं पाठ्यपुस्तक वाचून उरकतात. एवढा विचारानं आणलेला विषय असा उरकला जावा, याचं वाईट वाटतं.

महाराष्ट्रात या पदवीची गोष्ट बाल्टिमोरहून थेट खेड्यांत आली. गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी गांधीहत्येनंतर हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या आणि १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था उभी केली. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दाम्पत्य हॉपकिन्सला कार्ल टेलर यांच्याकडे शिकलं. टेलर मसुरीजवळ लंढौरला जन्मलेले. लुधियान्यात शिकवून आणि पंजाबातल्या नारंगवालमध्ये संशोधन करून, थोडं शिकवलेली गावची माणसं मुलांचे प्राण वाचवू शकतात, हे त्यांनी दाखवलं. आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. लोकांना आधी काय हवं ते विचारलं, तर उत्तर आलं पाणी आणि अन्न. म्हणून दुष्काळात त्यांनी विंधन विहिरी घेतल्या आणि मग गावातल्याच, बऱ्याचदा दलित आणि निरक्षर, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. सेलिगमन यांच्या आराखड्याला बाल्टिमोरमध्ये जागा नव्हती, जामखेडला मिळाली.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८४ मध्ये हॉपकिन्सची एम.पी.एच. केली आणि पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या कामात पदवीचा उपयोग स्पष्ट दिसतो, आणि तो मोजण्यात आहे. दवाखान्यात आलेली बाळं कोणीही मोजील. गावात किती जन्मली, किती घरातच गेली, हे कळल्याशिवाय मृत्यूचा दर निघत नाही आणि दराशिवाय उपाय लागू पडला की नाही तेही कळत नाही. त्यांनी जन्म आणि मृत्यू नोंदवणारी यंत्रणा उभी केली. ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला, की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ हे.

पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आरोळे आणि बंग यांच्यासाठी कोणी हुद्दा तयार ठेवला नव्हता. पदवी घेऊन आल्यावर त्यांनी आपलं काम स्वतःच उभं केलं. दरवर्षी हजारो मुलं तसं करू शकणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

१९९७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम.पी.एच. सुरू झाली. पुढे मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ आणि अनेक खासगी विद्यापीठांत ती आली. दंतवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर, नर्स, समाजशास्त्राचे विद्यार्थी वर्गात शेजारी शेजारी बसू लागले. हे चांगलंच झालं. बाहेर पडल्यावर मात्र बहुतेकांच्या वाट्याला प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकऱ्या येतात, देणगीदाराचा निधी असेतो चालणाऱ्या. इंग्लंडात कायद्यानं हुद्दा आधी निर्माण केला, नंतर पदविका सक्तीची केली. आपण पदव्या आधी वाटल्या.

देशातच याला अपवाद आहे. मद्रास प्रांतानं १९२० च्या दशकापासून सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग चालवला आणि १९३९ मध्ये त्याचा कायदा केला. तामिळनाडूत आजही आरोग्य अधिकाऱ्यांची वेगळी फळी आहे, तिला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण लागतं, आणि डॉक्टर दवाखान्यातून थकून तिथे येत नाहीत, ते त्याच कामात वर चढतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सर्व राज्यांना अशी फळी उभारायला सांगितलं, २०२२ मध्ये केंद्रानं तिची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. महाराष्ट्रानं निदान तालुका आरोग्य अधिकाऱ्यापासून सुरुवात करावी. लाखो माणसांच्या तालुक्याची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि ५०,००० वस्तीसाठी जी अट इंग्लंडनं १८८८ मध्ये घातली ती त्याच्या नेमणुकीला लागू करणं सरकारच्या हातात आहे.