पेल्यांतील थर

उन्हाळ्याच्या संध्याकाळीं पाहुण्यांपुढें एखादा कांचेचा पेला येतो. तळाशीं गडद तांबडा रंग, मध्यें पांढरट, वर केशरी. आणि तिन्ही रंग आपापल्या जागीं स्थिर. मुलें विचारतात, "हें केलें कसें?" वडील माणसें म्हणतात, "हीं साहेबी थेरें!" मुलांच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. वडिलांच्या शेऱ्याचें उत्तर द्यावयाचें, तर छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, इतिहास थोडा चाळावा लागतो.

आधीं मुलांचें समाधान करूं. समान वजनाची साखर व पाणी यांचा पाक केला, तर तो पाण्याच्या जवळजवळ सव्वापट जड होतो. त्यांत गुलाबाचा अर्क व रंग घालून तो तळाशीं ओतावा. त्यावर कमी साखरेचें लिंबाचें सरबत आणि सर्वांत वर बिनसाखरेचें केशराचें पाणी. पेल्याच्या कडेला चमचा पालथा टेकवून त्यावरून धार अगदीं बारीक सोडावी, ढवळूं नये. जड तें खालीं व हलकें तें वर, एवढाच यांतला मंत्र. मद्यार्क पाण्याहून हलका असतो, म्हणून पाश्चात्त्य पेयांत तीव्र मद्य बहुधा वरच्या थरांत तरंगतें. कॉफीनंतर घ्यावयाचें असें थरांचें पेय एकोणिसाव्या शतकांत 'पूस-काफे' या फ्रेंच नांवानें प्रसिद्ध झालें. वडिलांचा रोख असतो तो यावर.

परंतु पेल्यांतील एकेक जिन्नस तपासून पाहावा. 'शरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द 'पिणें' या अर्थाच्या एकाच अरबी धातूपासून निघालेले सख्खे भाऊ. आणि पाकाला असलेला इंग्रजी 'सिरप' हा शब्दही त्याच कुळांतला. 'गुलाब' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ गुलाबपाणी. आपण तो फुलालाच देऊन टाकला. 'फालुदा' हाही फारसीच. म्हणजे जें आज साहेबी वाटतें, त्याचें नातेगोतें आपल्या घरांत केव्हांच येऊन राहिलें आहे.

आतां गारव्याकडे वळूं. अकबराच्या आबदारखान्यांत पाणी कसें थंड करीत, तें अबुल फझलानें 'ऐन-इ-अकबरी'त नोंदून ठेविलें आहे. धातूची बंद सुरई सोरा विरघळविलेल्या पाण्यांत सुमारें पाव तास फिरवीत. सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो, त्यामुळें सुरईंतलें पाणी गार होई. बंदुकीच्या दारूंतला जो सोरा आग ओके, तोच बादशहाची तहान शमवी! दरबार लाहोरास असतां डोंगरांतून बर्फही येत असे. पण ही चैन कोणाची? सोरा, सुरई आणि फिरविणारे चाकर ज्याच्या पदरीं, त्याची. अमेरिकेंतील बोस्टनहून पहिलें बर्फाचें जहाज १८३३ मध्यें कलकत्त्यास लागलें व लौकरच मुंबईसही बर्फ येऊं लागला, तरी सामान्य गृहस्थाच्या पेल्यापर्यंत तो पोहोंचावयास यंत्रांनीं बर्फ तयार होण्याची वाट पाहावी लागली.

या शहराची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें १६१० मध्यें खडकी येथें राजधानी वसविली. औरंगाबाद हें नांव त्या शहरास १६५३ मध्यें मिळालें. उन्हानें तापणाऱ्या या खडकावर अंबरानें सर्वांत आधीं चिंता वाहिली ती पाण्याची. भूमीखालून जाणाऱ्या नहरीनें त्यानें डोंगरांकडील पाणी वस्तींत आणिलें. पुढें पाणचक्कीसही दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आलें. तेथील मोठा हौद म्हणजे त्याखालच्या दालनाचें छतच. वर पाणी, मध्यें दगड, खालीं शीतल दालन! बाहेर ऊन रणरणत असतां त्या दालनांत बसणाऱ्या वाटसरूला गारवा मिळे, तो कोणाच्या आबदारखान्याचा मिंधा न होतां.

आज घरोघरीं शीतकपाट आहे. जो गारवा बादशहास सोऱ्याच्या पाण्यांत सुरई फिरवून मिळवावा लागे, तो मूल दार उघडून घेतें. परंतु अंबराची नहर मात्र ठिकठिकाणीं मोडली, बुजली. शहराला पाण्यासाठीं पैठणच्या गोदावरीकडे, जायकवाडीच्या जलाशयाकडे पाहावें लागतें. गारवा स्वस्त झाला आणि पाणी महाग झालें, असा हा उलटा व्यवहार आहे.

म्हणून पुढच्या वेळीं पाहुण्यांसाठीं असा पेला भराल, तेव्हां मुलांना रंग दाखवा, धार कशी सोडावी तें दाखवा. आणि पेला रिकामा झाल्यावर त्यांना एकदां पाणचक्कीच्या त्या दालनांतही नेऊन आणा. डोक्यावर पाण्याचा थर आहे, हें तेथें सांगावें लागत नाहीं. अंगाला तें आपोआप कळतें.