दिनविशेष – २६ जून : शिंद्यांच्या घरचा जॉर्ज

ग्वाल्हेर संस्थानचे महाराज जिवाजीराव शिंदे यांचा जन्म २६ जून १९१६ चा. वडील माधवराव यांचा ब्रिटिश राजघराण्याशी घरोबा इतका, की राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून मुलाच्या नावाआधी ‘जॉर्ज’ आणि मुलीच्या नावाआधी ‘मेरी’ लागले. उज्जैनही तेव्हा याच संस्थानात होते. तिथल्या भैरवगढपलीकडचा, क्षिप्रेकाठचा कालियादेह महाल माधवरावांनीच १९२० मध्ये दुरुस्त करवला. भैरवगढच्या काळभैरवाच्या डोक्यावर मात्र शिंदेशाही पगडीच. तिथे विलायती मुकुटाचे काही चालले नाही! १९२५ मध्ये गादीवर आले तेव्हा जिवाजीरावांना नऊ वर्षेही पुरी नव्हती. १९४८ मध्ये ते मध्य भारताचे राजप्रमुख झाले. १६ जुलै १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.