लाकडी नौकांचे इपॉक्सी-काचतंतू संरक्षण

लाकडी नौकेच्या पृष्ठभागावर इपॉक्सी रेझिनाचे लेप देऊन त्यांत काचतंतूंचे कापड बसविण्याची व त्यायोगे लाकडात पाण्याचा शिरकाव होऊ न देण्याची पद्धती. तिचा प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तथापि ज्या प्रश्नावर ती उपाय म्हणून पुढे आली, तो प्रश्न नौकेइतकाच जुना आहे. ज्या पाण्यासाठी लाकडाची नौका बांधावयाची, तेच पाणी लाकडाचा नाश घडवून आणते.

हा नाश सर्वत्र एकाच मार्गाने होत नाही. समुद्रात टेरेडो हा मृदुकाय प्राणी फळ्या आतून पोखरतो. गोड्या पाण्यात त्याचा उपद्रव नसतो. तेथे कवके व ऋतुमान हे शत्रू ठरतात. जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुका हे याचे चांगले उदाहरण आहे. उत्तरेस सातपुडा व दक्षिण सीमेवर तापी असलेल्या या तालुक्यात पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते, तर उन्हाळ्यात तापमान ४४° से.च्या वर जाते. काठावर ओढून ठेवलेल्या नावेच्या फळ्या अशा उन्हात आकसतात, सांधे उघडे पडतात आणि पहिल्या पावसात नाव गळू लागते. सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठासणे, राळ व तेल यांचा लेप देणे, डांबर फासणे आणि वापरापूर्वी नाव पाण्यात बुडवून फळ्या फुगू देणे हे यावरील परंपरागत उपाय होत. त्यांची पुनरावृत्ती दर वर्षी करावी लागे. लाकूड हालत राहणार, हे गृहीत धरूनच ही सर्व कारागिरी उभी होती.

तापी जेथे समुद्रास मिळते त्या परिसरातील सुरत बंदरात नौकाबांधणीची मोठी परंपरा होती. तेथील कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस आले व त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये तेथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे. सागवानातील नैसर्गिक तेल त्याच्या टिकाऊपणाचे एक कारण होय. सागरी कीटकांविरुद्ध ब्रिटिश आरमाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या पत्र्याचे अस्तर स्वीकारले. काचतंतूंच्या आवरणाची ही एका अर्थी पूर्वपीठिकाच होती, परंतु तांबे लाकडाला खिळ्यांनी जोडलेले असे, त्याच्याशी एकजीव झालेले नसे.

एकजीव होणारे द्रव्य रसायनशास्त्राने पुरविले. स्वित्झर्लंडमधील प्येअर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० ते १९५० या काळात स्वतंत्रपणे इपॉक्सी रेझिनांवर काम केले. कास्तां यांच्या संशोधनाचे हक्क घेऊन सीबा या स्विस कंपनीने ‘अरल्डाइट’ हा आसंजक बाजारात आणला व पुढे हे नाव भारतातही घरोघरी परिचित झाले. याच सुमारास अमेरिकेत काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले होते. १९४२ मध्ये रे ग्रीन यांनी ओहायओ राज्यात काचतंतू व पॉलिएस्टर रेझीन यांची छोटी नौका बनविली. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात घडविलेल्या अशा नौकांनी लाकडाला मोठ्या प्रमाणावर बाजूस सारले.

उरलेल्या लाकडी नौका वाचविण्यासाठी त्यांवर पॉलिएस्टर व काचतंतू यांचे अस्तर चढविण्याचे प्रयत्न झाले; ते पुष्कळदा फसले. पॉलिएस्टर लाकडाला घट्ट धरत नाही. फळ्या फुगल्या व आकसल्या की आवरण सुटते, मधल्या पोकळीत पाणी साचते आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी नौका आतून कुजते. जुन्या ओलसर नौकेला आवरण घातले की तिला नवे आयुष्य मिळते, हा समज नौकामालकांना महाग पडला. अशा नौकेत ओलावा कोंडला जातो व ऱ्हास उलट त्वरेने होतो.

यातून मार्ग निघाला तो उपचाराचा क्रम बदलल्यामुळे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील बे सिटी येथील मीड, जॅन व जोएल गूजन या बंधूंनी जुन्या नौकेवर अस्तर चढविण्याऐवजी नवी नौकाच कोरड्या लाकडापासून, सर्व भाग इपॉक्सीने जोडून व सर्व बाजूंनी लेपून बांधण्याची पद्धती विकसित केली. १९७० मध्ये त्यांनी या रीतीने ‘अडाजिओ’ ही तीन कायांची शिडाची नौका तयार केली. येथे इपॉक्सी सांधा जोडते, ओलाव्याची ये-जा अतिशय मंद करते आणि काचतंतूंच्या कापडाला लाकडाशी बांधून ठेवते. फळ्यांचे फुगणे-आकसणे जवळजवळ थांबल्यामुळे पातळ व हलके लाकूडही पुरेसे होते.

मात्र ही पद्धती निष्काळजीपणा सहन करीत नाही. लाकडातील ओलावा साधारणतः १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. रेझीन व दृढकारक यांचे प्रमाण अचूक नसल्यास लेप चिकट राहतो. दमट हवेत पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याखेरीज पुढचा लेप धरत नाही. जे तेल सागवानाला टिकवते तेच येथे अडसर होते, म्हणून जोडण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी इपॉक्सीचा ऱ्हास होतो व अधिक तापमानात ती मऊ पडते. खानदेशासारख्या प्रदेशात नौकेला फिकट रंग देणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. दृढकारकाच्या सततच्या स्पर्शाने कारागिरांना त्वचेचे विकार जडतात, ही गोष्ट बांधणीच्या वर्णनांत सहसा येत नाही.

मराठी भाषकांच्या परिसरात या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्यात घडले. फलटणजवळील विंचुर्णी येथे निवृत्तीनंतर स्थायिक झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय नौसैनिकाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना मांडली. त्यासाठीची ५६ फुटी (सु. १७ मी.) ‘म्हादेई’ ही नौका रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी बेटावरील कारखान्यात एका डच आराखड्यावरून बांधण्यात आली. रेड सीडार या हलक्या लाकडाच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून त्यांवर काचतंतूंचे थर देण्यात आले. दांडेकरांनी अशी सागरगामी शिडाची नौका पूर्वी बांधलेली नव्हती. २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता पूर्ण केली. ‘तारिणी’ ही त्याच घडणीची दुसरी नौका २०१७ मध्ये नौदलात आली व तिच्यातून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली. दक्षिण महासागरातील वादळांत या काष्ठगर्भ नौका टिकल्या. काचतंतूंमुळे लाकडाचे युग संपले, हे मत त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

दांडेकर यांच्याच ‘होडी इनोव्हेशन्स’ या संस्थेत पुढे नेमकी उलट रीत वापरली गेली. अजिंठ्याच्या चित्रांतील पाचव्या शतकातील जहाजाच्या आधारे तेथे शिवलेले जहाज बांधण्यात आले. केरळमधील बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या व सांधे नैसर्गिक राळेने बंद केले. सांगाड्यात खिळा वापरला नाही. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. इपॉक्सीने जोडलेली नौका ताठ राहते. शिवलेली नौका लाटेबरोबर थोडी लवते, आणि तिचे टाके व राळ वेळोवेळी तपासून नव्याने घालावी लागतात.